बारावीनंतरचा ड्रॉप आणि अमेरिकन कॉलेजचं टेनिस: पुण्यातल्या एका मुलीचं प्रकरण

पुण्यातल्या एका टेनिसपटू मुलीचा बारावीचा निकाल मे २०२३ च्या अखेरीस लागला, तेव्हा तिच्या हातात अमेरिकेतल्या एका मध्यम आकाराच्या विद्यापीठाची पूर्ण स्कॉलरशिप होती. जानेवारी २०२४ ला रुजू व्हायचं होतं. वडिलांचं मत वेगळं होतं: एवढी घाई कशाला? एक वर्ष ड्रॉप घेऊ, आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) स्पर्धा खेळू, रँकिंग वर नेऊ आणि ऑगस्ट २०२४ ला याहून मोठ्या विद्यापीठात जाऊ. नीट किंवा जेईईसाठी ड्रॉप घेणारी मुलं आपल्याकडे दर दुसऱ्या इमारतीत सापडतात, त्यामुळे त्यांना यात वावगं काही दिसत नव्हतं. आईला निर्णय हवा होता, तो कुठला का असेना. मुलगी गप्प होती.

टेनिस खेळणाऱ्या मुलांच्या अमेरिकेच्या अर्जांची कागदपत्रं बघायला मी काही घरांना मदत करतो. हे त्यातलं एक घर. त्यांच्या परवानगीनं लिहितो आहे, नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. हेच प्रकरण निवडलं, कारण यात चुका फारशा नव्हत्या. घर शहाणं होतं, मुलगी मेहनती होती, आणि तरीही सगळं एका तारखेवर येऊन अडकलं होतं.

कल्पना कुठून आली

पुण्यात टेनिस खेळणाऱ्या घराला अमेरिकन कॉलेजची वाट नवीन नाही. अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटकडून खेळला, ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एमकडून. हांगझोऊच्या एशियाडमध्ये ऋतुजानं रोहन बोपण्णासोबत मिश्र दुहेरीचं सुवर्ण जिंकलं ते नंतर, पण डेक्कन-बालेवाडीच्या कोर्टांवर तिचं नाव त्याआधीपासून घेतलं जात होतं. आणि सोमदेव देववर्मनचं उदाहरण तर प्रत्येक सर देतात: व्हर्जिनियाकडून २००७ आणि २००८ असं लागोपाठ दोनदा एनसीएएचं, म्हणजे अमेरिकन कॉलेजांच्या क्रीडा संघटनेचं, एकेरीचं विजेतेपद.

मुलीच्या सरांनी ही गोष्ट काढली ती २०२१ मध्ये. कोविडमुळे कोर्ट बंद-चालू होत होते, दहावीची परीक्षाच रद्द झाली होती आणि ज्युनिअर स्पर्धांचं वेळापत्रक कोलमडलं होतं. सर म्हणाले, प्रो व्हायचं की नाही हे एकविसाव्या वर्षी ठरवू, तोवर शिकत-खेळत राहायला तिकडे पाठवा. मला हा सल्ला तेव्हाही योग्य वाटला, आजही वाटतो. महिलांची सर्वात खालच्या पायरीवरची पंधरा हजार डॉलरची आयटीएफ स्पर्धा जिंकणारीलाही अडीच हजार डॉलरच्या आतच रक्कम मिळते. त्यातून विमानाचं तिकीट, हॉटेल, फिजिओ आणि सरांचा खर्च वजा केला की घर स्वतःच्या खिशातून टेनिस खेळत असतं.

मुलगी असण्याचा इथे फायदा होता, हे फार जणांना माहीत नसतं. त्या वेळच्या नियमांप्रमाणे डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांतल्या सर्वात वरच्या श्रेणीच्या) महिला टेनिस संघाला आठ खेळाडूंना पूर्ण स्कॉलरशिप देता येत असे. पुरुषांच्या संघाला मिळून साडेचार, आणि त्याही तुकडे करून वाटलेल्या. म्हणजे त्याच क्लबमधला, तिच्याइतकाच चांगला खेळणारा मुलगा अर्ध्या स्कॉलरशिपसाठी झगडत असे. १९७२ च्या टायटल नाइन कायद्यानं मुला-मुलींना खेळात समान संधी देण्याचं बंधन आलं आणि अमेरिकन फुटबॉलच्या भल्यामोठ्या संघांचा तोल सांभाळण्यासाठी विद्यापीठांनी महिलांच्या इतर खेळांत जागा वाढवल्या. त्या फुटबॉलचा फायदा असा पार कोथरूडपर्यंत पोचला.

डिव्हिजन टू मध्ये स्कॉलरशिप कमी आणि विभागलेल्या. डिव्हिजन थ्री मध्ये खेळासाठी एक डॉलरही नाही, फक्त अभ्यासाच्या किंवा गरजेच्या आधारावर मदत. आयव्ही लीगची (हार्वर्ड, येल वगैरे) विद्यापीठं डिव्हिजन वनमध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत. हे वडिलांना पटायला वेळ लागला. त्यांच्या डोक्यात नाव जितकं मोठं तितकी स्कॉलरशिप मोठी असं गणित होतं.

अकरावीची शाखा

दहावीला गुण उत्तम, म्हणून नातेवाइकांनी सायन्स गृहीत धरलं होतं. सायन्स घेतलं की क्लास आला, क्लास आला की सकाळचं टेनिस गेलं. दुसरा विचार कॉमर्सचा, हजेरी सैल असते म्हणून. तिसरा, ओपन स्कूलमधून बारावी करायची आणि दिवसभर खेळायचं.

इथे कागद उघडून बसावं लागलं. एनसीएएचं एलिजिबिलिटी सेंटर, म्हणजे खेळाडूची पात्रता तपासणारा विभाग, नववी ते बारावी ही चार वर्षं धरतं आणि त्यात डिव्हिजन वनसाठी सोळा ‘कोअर’ विषय मोजतं, एक विषय एक वर्ष म्हणजे एक. इंग्रजीचे चार, गणिताचे तीन, विज्ञानाचे दोन, सामाजिक शास्त्रांचे दोन, इंग्रजी-गणित-विज्ञान यांपैकी आणखी एक आणि इतर मान्य विषयांचे चार. सोळापैकी दहा विषय बारावी सुरू होण्याआधी पुरे व्हावे लागतात, आणि त्या दहांतले सात इंग्रजी, गणित, विज्ञानाचेच हवेत.

आपल्या नववी-दहावीत इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-भूगोल सगळ्यांनाच असतं, तेवढा पाया सगळ्यांचा होतो. फरक अकरावीला पडतो. कॉमर्समधले अकाउंट्स, एसपी, ओसीएम हे विषय धंदेशिक्षणाच्या बाजूला झुकतात आणि कोअरमध्ये त्यांच्यावर विसंबता येत नाही. ओपन स्कूलच्या अभ्यासक्रमात शिक्षक-विद्यार्थी संपर्क किती, मूल्यमापन कसं, असे जादा प्रश्न येऊ शकतात. आर्ट्स सगळ्यात सोयीचं: अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, मानसशास्त्र सगळं मोजलं जातं. पण आर्ट्सला गणित सोडलं की संपलं. नववी-दहावीची दोन वर्षं धरून तिसरं गणित कुठून आणणार?

उत्तर होतं आर्ट्समध्ये गणित. महाराष्ट्रात ही सोय आहे. बालभारतीच्या अकरावीच्या गणिताच्या एका पुस्तकावर कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखा छापलेल्या असतात. पण प्रत्यक्षात आर्ट्सला गणित शिकवणारं कॉलेज शोधायला त्या घराला बरीच वणवण करावी लागली. आजीला मात्र शेवटपर्यंत कळलं नाही की नव्वदीच्या घरात गुण मिळवलेल्या मुलीला आर्ट्सला का घातलं. सोसायटीत त्या ‘हो, सायन्सच’ असं सांगत असत, असं नंतर समजलं.

आणखी एक. एलिजिबिलिटी सेंटर नववीपासूनच्या प्रत्येक वर्षाची गुणपत्रिका मागतं. आपल्याकडे दहावीचा बोर्डाचा कागद लॅमिनेट होतो आणि नववीचं प्रगतिपुस्तक रद्दीत जातं. या घरातही गेलं होतं. शाळेतून दुसरी प्रत काढायला दोन अर्ज आणि काही फेऱ्या लागल्या. शाळेचे क्लार्क म्हणाले, नववीचा दाखला मागणारे तुम्हीच पहिले.

खेळात काय बदलावं लागलं

एआयटीएच्या (अखिल भारतीय टेनिस संघटनेच्या) रँकिंगमध्ये कितव्या फेरीपर्यंत पोचलात त्याचे गुण असतात. म्हणून आपली मुलं सोप्या ड्रॉच्या मागे फिरतात. लांबच्या एखाद्या शहरात कमी खेळाडूंची स्पर्धा असेल तर तिथे जाऊन दोन फेऱ्या काढायच्या. अमेरिकन कोच हे रँकिंग वाचत नाहीत. ते यूटीआर (युनिव्हर्सल टेनिस रेटिंग) बघतात. त्यात कुठल्या फेरीत हरलात याला किंमत नाही. समोरच्या खेळाडूचा दर्जा काय आणि तिच्याविरुद्ध किती गेम जिंकले, हे मोजलं जातं. शेवटच्या बारा महिन्यांतले जास्तीत जास्त तीस सामने धरतात. वरच्या दर्जाच्या मुलीकडून ४-६, ५-७ असं हरलात तर आकडा वर जाऊ शकतो, आणि दुबळ्या मुलीला ६-४, ६-४ असं हरवलंत तर खालीही येऊ शकतो.

मुलीचा यूटीआर सुरुवातीला सातच्या आसपास होता. सरांनी स्पर्धांची निवड बदलली, सोपे ड्रॉ सोडले. पहिल्या-दुसऱ्या फेरीत हरणं वाढलं आणि वर्षभरात आकडा साडेआठच्या जवळ गेला. वडिलांना हा काळ सगळ्यात कठीण गेला. मुलगी हरतेय, एआयटीएचं रँकिंग घसरतंय आणि सर खूश!

दुसरा बदल दुहेरीचा. आपल्याकडे ज्युनिअर स्पर्धांत दुहेरी म्हणजे एकेरीत हरल्यावर संध्याकाळी खेळायचा प्रकार. कॉलेजच्या संघलढतीत सुरुवातच दुहेरीनं होते: तीन जोड्या, एकेक सेट सहा गेमपर्यंतचा, तिन्हींतले दोन जिंकणाऱ्या संघाला मिळून एक गुण. मग सहा एकेरीचे सामने, प्रत्येकी एक गुण. सातपैकी चार आधी मिळवणारा संघ जिंकतो. ड्यूसला अॅडव्हान्टेज नाही, पुढचा एकच पॉइंट निकाल लावतो. शेजारच्या कोर्टांवर संघातल्या मुली एकाच वेळी खेळत असतात, ओरडत असतात. सर्व्हिस परतवताना जाळ्याकडे धाव घेणारी, दुहेरी समजणारी मुलगी कोचला हवी असते, कारण एकेरीत सहावी असूनही ती संघाला दुहेरीचा तो गुण मिळवून द्यायला मदत करू शकते. म्हणून अकरावीचं जवळजवळ सगळं वर्ष तिनं आठवड्यातले तीन दिवस फक्त व्हॉली, रिटर्न आणि पॉइंट खेळण्यात घालवलं.

ईमेल कोणी लिहायचा

अमेरिकेत दहावीच्या वर्षानंतरच्या १५ जूनपासून टेनिसच्या कोचना खेळाडूशी बोलायची मुभा असते. त्याआधी तुम्ही लिहू शकता, त्यांना धड उत्तर देता येत नाही. पहिले ईमेल वडिलांनी लिहिले. ‘रिस्पेक्टेड सर, माय डॉटर इज अ व्हेरी हार्डवर्किंग प्लेयर’ या थाटाचे, दोन पानी, सोबत सगळ्या प्रमाणपत्रांच्या पीडीएफ. उत्तर आलं नाही. कोचला पंधरा सेकंदांत चार गोष्टी हव्या असतात: बारावी कधी पुरी होते, यूटीआर किती, व्हिडिओची लिंक आणि हा संघ का. आणि लिहिणारी मुलगी हवी.

माझं ठाम मत आहे की हा सगळ्या तयारीतला सर्वात कठीण भाग होता, फिटनेसपेक्षाही. आपल्या घरांतून मुलांचं टेनिस आई-वडील चालवतात. एंट्री, प्रवास, रॅकेटचं स्ट्रिंगिंग, सरांशी बोलणं, सगळं. मुलगी फक्त खेळते. कोचशी पहिला व्हिडिओ कॉल झाला तेव्हा वडील कॅमेऱ्याच्या कडेला बसून उत्तरं पुटपुटत होते, आणि कोचनं हसत विचारलं, की खोलीत आणखी कोण आहे? त्यानंतरचे कॉल तिनं एकटीनं घेतले. तिचं इंग्रजी अडखळत होतं, पण हरलेल्या सामन्यांबद्दल ती मोकळेपणानं बोलायची आणि त्याचा परिणाम चांगला झाला. व्हिडिओही बदलला. आधीचा गाणं लावून कापलेला, फक्त विनर दाखवणारा होता. नंतरचा कोर्टाच्या मागून, न कापता घेतलेला, पडलेल्या पॉइंटसकट.

मधल्या काळात एक सल्लागार भेटले. त्यांची फी ठरलेली नव्हती, मिळेल त्या स्कॉलरशिपचा ठरावीक टक्का ते मागत होते. हे एनसीएएच्या हौशीपणाच्या नियमांत बसत नाही. माहिती पुरवणाऱ्या सेवेला ठरावीक फी देता येते, पण जागा मिळाली तर किंवा रक्कम जितकी तितकी, अशा अटीवर देता येत नाही, दिलीत तर खेळाडूची पात्रता धोक्यात. वडिलांनी आगाऊ रकमेचा चेक लिहून ठेवला होता. तो दिला गेला नाही एवढंच.

तीन पर्याय आणि एक तारीख

बारावीच्या वर्षात तीन ठिकाणी गोष्टी पुढे सरकल्या. एक नामांकित विद्यापीठ: ऑगस्ट २०२३ ला ये, संघात सराव कर, स्कॉलरशिप पहिल्या वर्षी नाही, पुढे बघू. एक छोटं, अभ्यासात अव्वल डिव्हिजन थ्री कॉलेज: गरजेवर आधारित मदत, पण घरच्या उत्पन्नावर ती तुटपुंजी. आणि मध्यम आकाराचं डिव्हिजन वन विद्यापीठ: पूर्ण स्कॉलरशिप, जागा जानेवारी २०२४ ला रिकामी होणार, एकेरीत पाचव्या-सहाव्या क्रमांकावर खेळायची बऱ्यापैकी शक्यता.

वडिलांचा चौथा पर्याय म्हणजे ड्रॉप.

बहुतेक खेळांत शाळा संपल्यावर कॉलेजला जाण्याआधी एक वर्षाची सवलत असे. टेनिसमध्ये ती सहाच महिन्यांची होती. शाळा पुरी झाल्यापासून सहा महिने, किंवा ते संपल्यावर प्रवेशाची जी पहिली संधी येईल ती. तोवर पूर्णवेळ विद्यार्थी झाला नाहीत आणि मधल्या काळात स्पर्धा खेळलात, तर चार हंगामांतला एक हंगाम कापला जाई, आणि वर पहिलं शैक्षणिक वर्ष सामन्याविना काढावं लागे. स्पर्धा म्हणजे आयटीएफच हवी असं नाही, संघटित कुठलीही. परदेशातले पंचवीस वर्षांचे अर्धव्यावसायिक खेळाडू पहिल्या वर्षाचे विद्यार्थी म्हणून येऊ नयेत यासाठी हा नियम कडक केला गेला, आणि डिव्हिजन वनच्या टेनिसमध्ये निम्म्याहून जास्त खेळाडू अमेरिकेबाहेरचे आहेत हे बघता त्याचं कारण समजतं.

मे २०२३ मध्ये बारावी झाली, म्हणजे सवलत नोव्हेंबरपर्यंत. त्यानंतरची पहिली संधी जानेवारी २०२४ चं सत्र. मध्यम विद्यापीठाची ऑफर त्या दारात बरोबर बसत होती. ऑगस्ट २०२४ बसत नव्हता. वर्षभर आयटीएफ खेळून ती आली असती तर २०२४-२५ पूर्ण बसून काढावं लागलं असतं. नऊच्या यूटीआरची, पण वर्षभर न खेळणारी मुलगी मोठ्या विद्यापीठाचा कोच कशाला घेईल? न खेळता ड्रॉप घेतला तर शिक्षा नाही, पण मग ड्रॉप कशासाठी?

वडिलांनी पळवाट शोधली: बारावीची परीक्षा एक वर्ष पुढे दिली असती तर? तीही चालली नसती. शाळा पुरी होण्याची तारीख नववीच्या प्रवेशापासून चार वर्षं मोजून धरतात. मुलानं मध्ये गॅप घेतला म्हणून घड्याळ थांबत नाही. हे त्यांना पटायला दोन संध्याकाळी लागल्या. त्यांच्या हट्टाला मी मूर्खपणा म्हणणार नाही. आपल्याकडच्या प्रत्येक स्पर्धेत थांबणाऱ्याला आणखी एक संधी मिळते, आणि आयुष्यभर तेच बघितलेल्या माणसानं इथेही तेच गृहीत धरलं.

मोठ्या विद्यापीठाचा मोह मात्र नियमांनी सुटला नाही, तो मुलीनं सोडवला. तिनं दोन्ही संघांच्या मागच्या हंगामाच्या लढतींचे निकाल काढले आणि कुठल्या क्रमांकावर कोण खेळलं, त्यांचे यूटीआर किती, कोण पुढच्या वर्षी बाहेर पडणार, याचा तक्ता केला. मोठ्या संघात ती नवव्या-दहाव्या क्रमांकावर येत होती. एकेरी खेळतात सहा जणी. ‘बाबा, मला टाळ्या वाजवायला नाही जायचंय,’ एवढंच ती म्हणाली.

पुढे

जून ते नोव्हेंबर ती देशातल्या आयटीएफ स्पर्धा खेळली. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कॉलेजआधी टेनिसपटूला वर्षाला दहा हजार डॉलरपर्यंत बक्षिसाची रक्कम घेता येत असे. ती त्याच्या जवळपासही फिरकली नाही. मुंबईत बीकेसीला व्हिसाची मुलाखत झाली, अधिकाऱ्यानं फक्त खेळाबद्दल विचारलं.

पूर्ण स्कॉलरशिप म्हणजे शिक्षण शुल्क, राहणं, जेवण, पुस्तकं. विमानाचं तिकीट नाही. आणि राहण्या-जेवणाच्या भागावर परदेशी विद्यार्थ्याला १४ टक्के कर कापला जातो, हे पहिल्या सत्राच्या बिलावर कळलं. भारत-अमेरिका करारामुळे भारतीय विद्यार्थ्याला प्रमाणित वजावट मिळते, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर त्यातली बरीच रक्कम परत आली. पण जानेवारीत ती आधी भरावी लागली, आणि आईनं मोडलेली एफडी तेव्हा कामी आली. एफ-वन व्हिसावर अमेरिकेत राहून जाहिरातीतून कमाई करणं जवळजवळ अशक्य असतं. २०२१ पासून अमेरिकन खेळाडूंना नाव वापरू देण्याचे पैसे मिळू लागले, तिच्या संघातल्या दोघी ते करतात. ती करत नाही.

पहिल्या हंगामात तिला दुहेरीत नियमित स्थान मिळालं, एकेरीत अधूनमधून. दुसऱ्या हंगामात एकेरीत पाचवी.

तेव्हापासून बदललेलं

२०२५ च्या जूनमध्ये हाउस खटल्याची (खेळाडूंना पैसे देण्यावरून एनसीएएविरुद्ध चाललेल्या) तडजोड कोर्टानं मंजूर केली आणि त्यात सहभागी विद्यापीठांत स्कॉलरशिपच्या संख्येची मर्यादा गेली. तिच्या जागी संघाच्या आकाराची मर्यादा आली, टेनिससाठी दहा खेळाडू. कागदावर आता पुरुषांच्या संघालाही दहा पूर्ण स्कॉलरशिप देता येतात. प्रत्यक्षात या तडजोडीमुळे विद्यापीठं खेळाडूंना जे पैसे थेट देऊ शकतात ते मुख्यतः फुटबॉल आणि बास्केटबॉलकडे जातात आणि काही ठिकाणी टेनिसचे संघच बंद झाले. त्यामुळे आता कोचला पहिला प्रश्न विचारायचा तो हा, की तुमचा संघ चार वर्षांनी असेल का आणि विद्यापीठ या तडजोडीत आहे का. कोच खरं उत्तर देईलच असं नाही, पण तो कसा अडखळतो ते दिसतं.

बक्षिसाच्या रकमेचे, विलंबित प्रवेशाचे, पात्रतेच्या वर्षांचे नियमही हलते आहेत. या प्रकरणातले आकडे २०२१ ते २०२४ चे आहेत, आज नववीत असलेल्या मुलीच्या घरानं ते जसेच्या तसे उचलू नयेत. एलिजिबिलिटी सेंटरच्या त्या वर्षाच्या मार्गदर्शिकेतून पुन्हा तपासावेत, आणि विद्यापीठाच्या कम्प्लायन्स ऑफिसला (नियमपालन बघणाऱ्या कार्यालयाला) लेखी विचारावं. ते उत्तर देतात. नववीची गुणपत्रिका मात्र आजच फाइलला लावून ठेवावी.

याच मुलीचा धाकटा भाऊ आता दहावीत आहे, तोही टेनिस खेळतो. त्याचे वडील अलीकडे भेटले तेव्हा त्यांनी अकरावीला आर्ट्स-गणित देणाऱ्या कॉलेजांची यादी दाखवली. ईमेल कोण लिहिणार, असं मी विचारलं. ‘तो लिहील,’ ते म्हणाले, ‘मी फक्त स्पेलिंग बघेन.’